जाळी आता चिकट होत नाही

४ नोव्हेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. सकाळचं वजन, काय खाल्लं, उलट्या किती. ती वही फ्रिजवर असते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. ही दुसरी. गेल्या वर्षीची डायरी कोरीच राहिली होती, तिचे छापील वार खोडून वापरतेय. हिची जागा नाचणीच्या पिठाच्या डब्यामागे. त्या वहीत जे लिहिता येत नाही ते इथे, नाहीतर मी एक दिवस फुटेन.

तर. यांचं जठराचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. केमोचे सहा डोस ठरले, चार झाले. पाचवा १ डिसेंबरला. काल बाई म्हणाल्या, "वजन पंचेचाळीसच्या खाली गेलं तर मला डोस देता येणार नाही हं. शरीराला झेपणार नाही." आज सकाळी यांचं वजन भरलं ४६.२. म्हणजे हाताशी एक किलो दोनशे ग्रॅम आणि सत्तावीस दिवस.

घरचा काटा चुकत नाही. यांनी चाळीस वर्षं काटे दुरुस्त केले, मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या वाण्यांचे, भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे. पारड्याखाली चिंच चिकटवणारे, वजनाला तळातून भोक पाडणारे, सगळ्यांना यांनी उघडं पाडलं. गुणाजी काटेवाला आला म्हटलं की लबाड दुकानदार शटर ओढायचे. हा माणूस-वजनाचा काटा एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आणून यांनी स्वतः लावलाय. "काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे आमच्या घरातलं सुभाषित.

आज दोन चमचे पेज. उलट्या तीन. मळमळीच्या गोळ्या पोटात ठरतच नाहीत, मग काम काय करणार? मला भीती वाटते. इतकी की वाटीत पेज वाढताना मी श्वास रोखते.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रांजल आली. आमची एकुलती एक. अंधेरीला ऑफिस, पार्ल्याला मैत्रिणींबरोबर राहते. बाबांच्या आजारपणात तिची मुलुंडची खेप दर दोन दिवसांनी असते. आज येताच तिने दाराची कडी लावली, खिडकीचा पडदा ओढला आणि पर्समधून चष्म्याच्या घराएवढी एक काळी वस्तू काढली.

"आई, ओरडू नकोस हं. आधी ऐक."

ऐकलं. त्या डबीच्या पोटात अंगठ्याच्या पेराएवढी वाटी आहे, ती विजेवर तापते. वाटीत वाळलेला पाला घालायचा. पेटवायचं नाही, धूर नाही, राख नाही. पाला फक्त भाजतो आणि वाफ ओढायची. मळमळ जाते, भूक लागते. तिच्या मैत्रिणीच्या वडिलांना केमोत हाच एक आधार होता म्हणे.

"कसला पाला?" मी विचारलं. तिने कानात सांगितलं. तो शब्द मी इथेही लिहिणार नव्हते. गांजा. लिहिला.

"अगं, बाहेरच्या देशांत डॉक्टर लिहून देतात!"

"आणि इथे पोलीस लिहून घेतात!"

समोरचं दार शिवदासचं. हवालदार आहे, लातूरकडचा, माणूस बरा, पण खाकी ती खाकीच. आमच्या आणि त्याच्या दारात चार पावलं. आणि ही पोरगी ते पर्समध्ये घालून अंधेरीहून मेट्रोने आली. मेट्रोत बॅगा मशीनमधून जातात ना? "गेली ना आई," म्हणाली. नवरा असा, आणि आता मुलीची नोकरी, तिचं लग्न, सगळं त्या पुडीत बांधलेलं.

हे कॉटवरून सगळं ऐकत होते. हात पुढे करून आपल्या मालवणीत म्हणाले, "बघू तरी, मशीन कसला असा ता."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

यांनी ती डबी तासभर उलटीपालटी करून पाहिली. भिंगातून वाटीवरची बारीक जाळी पाहिली, बटण पाहिलं, आतली वाटी पाहिली. "झकास काम केलेला असा," असं म्हणताना चेहऱ्यावर जुना काटेवाला दिसला, मला बरं वाटलं. पण केमोने बोटांची टोकं बधिर झालीत, शर्टाचं बटणसुद्धा मी लावते. तेव्हा सूचनांचा कागद वाचणार ते आणि हात माझे.

पाला ठासून भरायचा नाही, वारा खेळला पाहिजे. बटण पाच वेळा दाबायचं. तांबडा दिवा म्हणजे तापतंय, हिरवा झाला की डबी हातात थरथरते. पहिल्यांदा थरथरली तेव्हा मी ती पलंगावर टाकली, वाटलं फुटतेय. हे हसले. शेवटचं कधी हसले होते मला आठवत नाही.

तीन वेळा ओढलं. खोकला आला, पाणी दिलं. वीसेक मिनिटांनी हे म्हणाले, "काय केलंस गो जेवणात?"

तीन आठवड्यांत हा प्रश्न आला नव्हता. वाटीभर मऊ भात आणि मुगाचं वरण खाल्लं, वर लिंबाच्या लोणच्याचा खार चाटला. उलटी नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं.

पण वास! धुराचा नाही, भाजक्या लाह्यांसारखा, आणि त्याखाली काहीतरी हिरवट. सगळ्या घरात. मी धावत जाऊन मक्याचे दाणे फोडले, कढईवर झाकण न ठेवता. अर्ध्या लाह्या ओट्याखाली गेल्या.

९ नोव्हेंबर, रविवार

वजन ४६.३. दिवसातून दोनदा चाललंय. लाह्याही दोनदा. मला आता लाह्यांची शिसारी आली आहे.

जिन्यात शिवदास भेटला. "काय काकू, रोज लाह्या?" मी म्हटलं, "यांना त्याच खाव्याशा वाटतात." जठर काढलेल्या माणसाला मक्याच्या लाह्या! जीभ हासडावीशी वाटली. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "काका जेवतात का आता?"

पोलिसाला काय करायचंय काका जेवतात का ते? मी "हो हो" करून वर आले. कडी लावली, साखळी लावली, पुन्हा जाऊन कडी पाहिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज पहिली मोठी सफाई. रोजचं म्हणजे वाटी गरम असतानाच उपडी करून ब्रशने झाडायची, भाजलेला तपकिरी चुरा कागदात घ्यायचा. पण पाच दिवसांनी जाळी चिकटून बसली, यांना ओढायला दम पुरेना. जाळी पिनने उचलून काढायची, स्टीलच्या वाटीत स्पिरिट घेऊन त्यात बुडवायची. तोंडाशी धरायचा भाग वेगळा करून त्यात कापसाची काडी फिरवायची. डबीला मात्र पाणी किंवा स्पिरिट थेट लावायचं नाही, आत बॅटरी आहे. हे कॉटवरून हुकूम सोडत होते, "कोपरो बघ, कोपऱ्यात रवला."

जाळीवर मधासारखा थर होता. बोटाला लागला तो साबणाने जाईना, तेल लावून काढला. स्पिरिट चहासारखं झालं. आता ते टाकायचं कुठे? मोरीत टाकलं तर पाइप खालच्या मजल्यावरून जातो. संडासात ओतून तीन बादल्या पाणी सोडलं. चुऱ्याची पुडीही तिथेच. गॅस बंद आहे ना हे चार वेळा पाहिलं, स्पिरिट पेट घेतं.

जाळी स्वच्छ झाली तेव्हा हे म्हणाले, "माझ्याकडे कामाक ठेवतलंय तुका." वजन ४६.५. मी घाबरट आहे पण हात चालतो माझा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी वाट लावली.

अकरा वाजले होते. डबीत पाला भरून मी बटण दाबलं होतं, तांबडा दिवा लागलेला, आणि बेल वाजली. दाराच्या भोकातून पाहिलं तर शिवदास, पूर्ण वर्दीत, आणि मागे दुसरा एक पोलीस. मला काही सुचलं नाही. हातातली तापलेली डबी मी नाचणीच्या पिठाच्या डब्यात खुपसली, झाकण लावलं आणि दार उघडलं. आमचं कुरिअर चुकून त्याच्याकडे दिलं होतं. औषधांचं खोकं. ते द्यायला आला होता. दुसरा त्याचा जोडीदार, ड्यूटीवर निघाले होते दोघं. "काकू, घाम फार आलाय तुम्हाला. बीपी बघितलं का?" म्हणाला.

दार लावलं आणि मी तिथेच लादीवर बसले. मग तोंडाला येईल ते बोलले यांना. सगळं इथे लिहिणार नाही. एक लिहिते, कारण ते डोक्यातून जात नाही: "तुमच्या चार घासांसाठी पोरीला तुरुंगात घालू का मी?"

हे उठले, भिंत धरत स्वयंपाकघरात गेले, पिठातून डबी काढली. नाचणीचं पीठ वाटीत, जाळीत, बटणाच्या फटीत. खिडकीशी बसून त्या बधिर बोटांनी ब्रश धरून साफ करत राहिले, ब्रश हातातून पडायचा, पुन्हा उचलायचे. संध्याकाळ झाली. मला जाऊन ब्रश हातात घेता आला असता. मी गेले नाही, मी रागावले होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी हे नेहमीसारखे बोलले. म्हणाले, तोडगा सापडला. तापमान कमी ठेवलं तर वास येत नाही. आणि घरात नको, गॅलरीत बसून ओढेन. भरायचं कामही माझंच, तुझे हात कापतात. तू फक्त जाळी साफ कर. पुडीसुद्धा त्यांनी आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवली, कुलूप लावून.

"बोटांना जमेल का भरायला?" मी विचारलं.

"जमात गो."

चूक माझी होती, पण माफी मागायची राहूनच गेली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

खरंच वास येत नाही! इतकी वर्षं संसार केला, या माणसाच्या डोक्याला तोड नाही. गॅलरीतून नुसता काढ्यासारखा वास येतो, तोही जेमतेम. लाह्या बंद केल्या. तीन किलो मका उरलाय, आता त्याचं करायचं काय?

जेवणही गॅलरीतच घेतात. "तू समोर बसलंस की घास मोजतंस, माका गिळाक जमणा नाय." बरोबर आहे, मोजते मी. ताट परत येतं ते चाटूनपुसून. वजन ४६.२. थंडी वाजते म्हणून आता काट्यावर शाल घेऊन आणि जुनी कामाची खाकी पँट घालूनच उभे राहतात. मी म्हटलं कपड्यांचे तीनशे-चारशे ग्रॅम वजा करायला हवेत, तर म्हणाले, "बाई तरी कपड्यांसकटच वजन करतत मा?" ते आहेच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सफाईचा दिवस. स्पिरिट काढलं, कापूस काढला, पाहते तर जाळी जवळजवळ कोरी. नुसती काळपट भुकटी, ब्रशने झडली. ना मधासारखा थर, ना बोटाला चिकटा. स्पिरिट पाण्यासारखंच राहिलं. मागच्या वेळी मी केवढी घासली होती! सुरुवातीला नीट साफ केलं की पुढे जाळी चिकटच होत नाही, हे मला आता कळलं. प्रांजलला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "आई, तू एक्स्पर्ट झालीस गं." ते ऐकून हे भिंतीकडे तोंड करून झोपले.

गॅलरीतली तुळस मात्र पार उघडी पडली आहे. दोन आठवड्यांपूर्वी तिचं लग्न लावलं तेव्हा मंजिऱ्यांनी वाकली होती. आता काड्या दिसतात. कबुतरं तुळस खात नाहीत असं ऐकलं होतं, पण मुलुंडच्या कबुतरांचा काय भरवसा. कावळेही फार झालेत, जेवणाच्या वेळी कठड्यावर ओळ लावून बसतात.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गॅलरीचं दार सारखं आपटतंय. त्याला टेकू म्हणून किलोचं लोखंडी वजन असायचं, ते दिसत नाही. दार आपटलं की मला बेल वाजल्यासारखी दचक बसते. आज तीनदा जाऊन भोकातून बाहेर पाहिलं. कोणी नव्हतं. यांना विचारलं, वजन कुठे गेलं? म्हणाले, असेल इथेच.

यांचं वजन ४६.०. डोस होणार असं वाटतंय. पण हे बोलताना मध्येच थांबतात, दम लागतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज आंघोळ घालताना पाठ पाहिली. मणके मोजता येतात. बोटातली अंगठी साबणाबरोबर निघून मोरीत घरंगळली. काट्यावर ४५.९, आणि डोळ्यांना दिसतं ते वेगळंच. रोगाने हाडं जड होतात का? पोटात पाणी झालं असेल का? प्रांजलला विचारायची हिंमत नाही, ती लगेच गुगल करेल आणि मला काहीतरी भयंकर सांगेल.

जाळी आजही कोरी.

काटा चुकतोय का? असं विचारलं यांना. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. वाटलं रागावतील. नुसतं म्हणाले, "काटो बरोबर असा." आणि माझ्याकडे बघितलं नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आजचं सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर शिवदास त्याच्या दारात उभा. साध्या कपड्यांत, चपला घालत होता. मी दार लावणार, तेवढ्यात म्हणाला, "काकू, एक विचारू का? राग मानू नका."

मी दूध तसंच धरून उभी.

"काकांनी ते बंद केलं का?"

"काय ते?" मी विचारलं.

"तेच हो. लाह्यांच्या आडचं." तो हळू बोलत होता, जिन्याकडे बघत. "नोकरीची एकवीस वर्षं झाली काकू, वास कळतो. महिन्याच्या सुरुवातीला यायचा. मी म्हटलं चला, काका चार घास खात असतील. आता धा-बारा दिवस झाले, नुसता तुळशीचा वास येतोय. म्हणून विचारलं. आमच्या आबांच्या पोटातपण हेच होतं. शेवटी पाणी जात नव्हतं. एकानं सांगितलं होतं मला, हे दे म्हणून. मी पडलो पोलीस. माझं धाडस नाही झालं." चप्पल पायात अडकवत म्हणाला, "मी काही बघितलं नाही आन् काही विचारलं नाही. पण काकांना उपाशी ठेवू नका."

खाली उतरून गेला. मी दार लावलं, आणि पहिल्यांदाच कडी घालायची विसरले.

तुळस. गॅलरीत गेले. त्या काड्यांना नखाने खुडल्याच्या खुणा होत्या, कबुतराच्या चोचीच्या नाहीत. कठड्याच्या बाहेरच्या पत्र्यावर भाताची शितं वाळलेली, आणि कावळे. हे आत झोपले होते. खाकी पँट दारामागच्या खुंटीवर होती. हात लावला तर खुंटी वाकलेली दिसली. एका खिशात दाराचं किलोचं वजन. दुसऱ्यात दुसरं किलो, रुमालात बांधलेलं, आवाज होऊ नये म्हणून. मागच्या खिशात पितळी अर्धा किलो, यांच्या पेटीतलं, ज्याने हे दुसऱ्यांची वजनं तपासायचे.

अडीच किलो. ४५.९ मधून अडीच गेले की काय राहतं ते मला लगेच करता येईना, बोटांवर केलं.

मी ती तिन्ही वजनं कॉटवर यांच्या पायाशी ठेवली. कॉट हलली, हे जागे झाले. त्यांनी वजनांकडे बघितलं.

"कित्याक?" मी विचारलं. माझ्या तोंडून माहेरची बोली आली, रडतानाच येते.

"बेल वाजली की तुझा तोंड बघवणा नाय गो," म्हणाले. "आणि प्रांजल. तू म्हणालंस ता खरा होता. माझ्यापायी पोरीचा वाटोळा नको. पण डोस हुकतलो म्हणान तू रडतलंस, म्हणान ह्या..." वजनाकडे बोट केलं. "चाळीस वर्सां लोकांची खोटी वजनां धरली. आणि आपलेच खिसे भरले."

बोलायचं ते मी १४ तारखेलाच बोलून बसले होते, आणि त्याचंच हे फळ. पेटीची किल्ली मागितली. पुडी तशीच्या तशी होती, दोन आठवड्यांपूर्वी घडी घातलेली. वाटी भरली, ठासून नाही, वारा खेळेल अशी. पाच वेळा बटण. तांबडा, मग हिरवा. माझे हात कापत होते, पण कापणाऱ्या हातांनीही होतं.

ओढून झाल्यावर दीड वाटी पेज गेली. माझ्यासमोर बसून. मी घास मोजले आणि त्यांनी मोजू दिले.

पँटीशिवाय वजन ४३.४.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रांजलला सगळं सांगितलं. फोनवर आधी रडली, मग म्हणाली, "बाबा वेडे आहेत, आणि तूपण." खरं आहे.

तिचं नाव यात कुठेही येणार नाही, पुडी मी आणली असं सांगायचं, असं मी ठरवलंय. पकडायचं तर मला पकडा. हे ठरवल्यापासून भीती गेली नाही, पण तिला बसायला जागा मिळाली. आज बेल वाजली तेव्हा डबी हातात होती. टेबलावर ठेवली, त्यावर टॉवेल टाकला आणि दार उघडलं. गॅसवाला होता.

४३.८.

१ डिसेंबर, सोमवार

हॉस्पिटलमध्ये बाईंना फ्रिजवरची वही द्यायची वेळ आली. त्यात १५ ते २५ तारखेचे सगळे आकडे खोटे. मी लाल पेनाने ते खोडले आणि समोर बसून सांगितलं, डबी, पाला, तुळस, पँट, सगळं. सांगताना दाराकडे बघत होते. वाटत होतं, आता या उठतील आणि कोणाला तरी बोलावतील.

बाईंनी चष्मा काढला. यांना म्हणाल्या, "काका, हॉस्पिटलच्या काट्यावरही पँट घालून उभे राहणार होतात?" हे लहान मुलासारखे खाली बघत होते. "त्या वजनावर मी डोस ठरवते. अडीच किलो खोटं धरून औषध दिलं असतं, तर काय झालं असतं कळतंय का?"

यांना कळलं. मला त्याहून जास्त कळलं.

मला म्हणाल्या, हे मला पहिल्या दिवशी सांगायचं होतं. कायद्याने मिळणारं यातलं काही असेल तर विचारून बघते. आज वजन ४४.१, डोस नाही. आठ दिवस दिलेत, ८ तारखेपर्यंत. पंचेचाळीस, खरे.

७ डिसेंबर, रविवार

शिवदास संध्याकाळी आला. बेल वाजवली नाही, दार उघडंच होतं. गावाहून आलेल्या ज्वारीच्या पिठाची पिशवी दिली, म्हणाला, "काकांना आंबील करून द्या, पचायला हलकी." घरात वास होता, भाजक्या लाह्यांसारखा, लाह्या न फोडता. तो दारातच उभा राहिला. मी पुढे होऊन काही झाकलं नाही. यांनी आतून विचारलं, "कोण असा?" तो म्हणाला, "मीच हो काका. जेवा तुम्ही." आणि गेला.

मला वाटतं त्याचे डोळे भरले होते. पण उंबऱ्यात उजेड कमी होता.

सकाळचं वजन ४४.८. बनियन आणि लेंगा, शाल नाही. काट्यावर चढायच्या आधी मी यांचे खिसे चाचपते, लेंग्याला खिसा नसला तरी. यांना गुदगुल्या होतात. दोनशे ग्रॅम हवेत आणि हातात एक रात्र आहे. उद्याच्या काट्याची मला फार भीती वाटते आहे.

आज सफाईचा दिवस होता. जाळी इतकी चिकट झाली होती की दोनदा स्पिरिट बदलावं लागलं.